जबडा दुखतो, मग मानेला हात का लावतात?

जबड्याच्या सांध्याचं दुखणं घेऊन येणारा माणूस बहुधा आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेला असतो. कानात ठणका, कानाशी कट्कट, जांभई देताना अडकणारा जबडा. कान तपासावा तर स्वच्छ. मग संशय दाढेवर जातो, तर दाढही धडधाकट निघते. शेवटी कुणीतरी मानेकडे बोट दाखवतं. फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर आणि हाताने मणके ‘बसवणाऱ्या’ कायरोप्रॅक्टरांच्या रील्समध्ये हे आज सर्रास दिसतं, पण त्यामागे सव्वाशे वर्षांचं भांडण आहे. गंमत अशी, की या भांडणातल्या दोन्ही घराण्यांची सुरुवात कानाच्याच तक्रारीपासून झाली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण त्यात जबडा आणि मान वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. निखळलेला जबडा बसवण्याची रीत इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मधला हा मजकूर. अंगठे तोंडात, बाकीची बोटं हनुवटीखाली, आणि मग जबडा मागे ढकलायचा. आजचा डॉक्टरही जवळपास हेच करतो. सुश्रुतसंहितेत निखळलेल्या हनुसंधीला, म्हणजे जबड्याच्या सांध्याला, शेक देऊन, हाडं जागेवर आणून पंचांगी बंध, म्हणजे पाच टोकांची पट्टी, बांधायला सांगितलंय. आखडलेल्या मानेला तिथे मन्यास्तंभ असं वेगळं नाव आहे, आणि दिवसा झोपणं, वेडंवाकडं बसणं, वर टक लावून पाहणं ही त्याची कारणं दिली आहेत.

आता कानाची गोष्ट. डॅनियल डेव्हिड पामर हा मूळचा कॅनडातला माणूस अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात ‘चुंबकीय उपचार’ करायचा. सप्टेंबर १८९५ मध्ये त्याने हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबला आणि सतरा वर्षं बहिऱ्या असलेल्या लिलार्डला ऐकू येऊ लागलं, असा त्याचा दावा होता. लिलार्डच्या मुलीने पुढे वेगळीच हकीकत सांगितली: गप्पांच्या भरात पामरने हातातल्या पुस्तकाने पाठीवर थाप मारली, एवढंच. ऐकण्याची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या मणक्यांशी तिची गाठच पडत नाही. तरी या एका प्रसंगावर कायरोप्रॅक्टिक ही अख्खी विद्या उभी राहिली. जागेवरून हटलेला मणका नस दाबतो आणि बहुतेक सगळे रोग त्यातूनच होतात, हे तिचं मूळ सूत्र. १८९७ मध्ये पामरने शाळा काढली आणि १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगातही जाऊन आला. त्याच्या मुलाने, बी. जे. पामरने, १९३० च्या दशकात सूत्र आणखी आवळलं. सगळं काही मानेच्या अगदी वरच्या मणक्यांत आहे, तेवढे बसवले की झालं, असं तो सांगू लागला. म्हणजे कायरोप्रॅक्टर मानेपाशी पोचले ते जबड्याचा विचार करून नव्हे. त्यांच्या लेखी मान ही सगळ्याच दुखण्यांची किल्ली होती, जबडा त्यात आपोआप आला.

दुसरं घराणं अमेरिकेतल्याच सेंट लुईस शहरातलं. तिथले कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये अकरा रुग्णांची टिपणं छापली. कान गच्च होणं, कानात आवाज, चक्कर, कानशिलं दुखणं अशा तक्रारी, आणि अनेकांच्या मागच्या दाढा गेलेल्या. कॉस्टेन यांचा तर्क सरळ होता: दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, त्याचं टोक मागे सरकतं आणि कानाजवळच्या नसा दाबतं. ‘कॉस्टेन सिंड्रोम’ हे नाव रूढ झालं आणि जबड्याचं दुखणं दंतवैद्यांच्या खुर्चीत येऊन बसलं. शरीररचनातज्ज्ञ हॅरी सिखर यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं, की त्या नसा तशा दाबल्याच जाऊ शकत नाहीत. पण तोवर दातांचे उंचवटे झिजवून चावा ‘बरोबर’ करण्याचा धंदा जोरात होता, आणि पुढेही बरीच वर्षं राहिला.

इथे मला दोन्ही घराणी सख्खी भावंडं वाटतात. एकाला मणका हटलेला दिसला, दुसऱ्याला जबडा. हातात जे हत्यार, त्याच्या आवाक्यातलं कारण. स्नायूंकडे लक्ष वळलं ते १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लॅस्लो श्वार्त्झ यांच्यामुळे. डॅनियल लॅस्किन यांनी १९६९ मध्ये मांडलं, की ताणापोटी दात आवळणं आणि झोपेत दात खाणं यामुळे थकलेला स्नायूच बहुतेकदा दुखतो. तरीही शस्त्रक्रियेचा मोह सुटला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत जबड्याच्या सांध्यात टेफ्लॉनचं आवरण असलेल्या चकत्या बसवल्या गेल्या. त्या झिजून त्यांचे कण सुटले आणि शरीराने त्या कणांवर केलेल्या प्रतिक्रियेत आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं. १९९०-९१ च्या सुमारास त्या मागे घ्याव्या लागल्या. ‘चाकू लावण्याआधी बाकी सगळं करून बघा’ हा आजचा आग्रह या प्रकरणानंतर घट्ट झाला.

मान आणि जबडा यांचा खरा धागा सापडला तो मात्र तिसऱ्याच ठिकाणी. एफ. डब्ल्यू. एल. केर यांनी १९६१ मध्ये मांजरांच्या मज्जारज्जूवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. चेहरा, दात आणि जबडा यांची संवेदना वाहणारी पाचवी मेंदू-नस थेट मेंदूत चढून थांबत नाही. तिचे वेदना वाहणारे तंतू आधी खाली उतरतात, पार मानेच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूपर्यंत. मानेच्या पहिल्या तीन नसाही नेमक्या तिथेच येऊन मिळतात. त्या पट्ट्यातल्या काही पेशी दोन्हीकडचे निरोप ऐकतात, आणि मेंदूला वरून कळत नाही की हाक कुठून आली. पूर्वी फोनवर ‘क्रॉस कनेक्शन’ लागायचं, तसलाच प्रकार. मानेच्या वरच्या सांध्यांतली कळ म्हणून कानशिलात, कपाळात, जबड्याजवळ उमटू शकते. उलटंही होतं, जबडा दुखून मान आखडते.

याला हालचालीची बाजूही आहे. स्वीडनमधल्या उमेओ इथे पेर-ओलॉफ एरिकसन, हमायून झफर आणि सहकाऱ्यांनी १९९८ च्या सुमारास मोजून दाखवलं, की तोंड उघडताना फक्त खालचा जबडा खाली जात नाही, डोकंही मागे कलतं. हे घरबसल्या ताडता येतं. कानाच्या अगदी पुढे, जिथे मिटल्या तोंडी लहानसा खळगा लागतो, तिथे बोट ठेवा आणि हळूहळू मोठा आ करा. बोटाखाली हाड आधी फिरतं, मग पुढे घसरतं, आणि तेवढ्यात मानेच्या मागचे स्नायू कामाला लागलेले असतात. आता हनुवटी छातीकडे नेऊन दात हलकेच टेकवा, मग मान मागे टाकून टेकवा. दर वेळी दात वेगळ्या जागी भेटतात. मान पुढे झुकवून तासन्‌तास स्क्रीन पाहणाऱ्याचा जबडा रात्री का अवघडतो, याचा अंदाज यातून येतो.

अंदाजच म्हणतो, कारण पुढे झुकलेली मान हेच जबडेदुखीचं कारण आहे, हे अभ्यासांनी पक्कं केलेलं नाही. मान खाली घातली की तिच्यावर सत्तावीस किलो भार येतो, हे व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्य २०१४ च्या एका संगणकी हिशेबातलं आहे. साठ अंशांच्या कोनासाठी काढलेला तो आकडा कुणाच्या मानेत वजनकाटा घालून मिळालेला नाही.

उपचारांचं काय? अमेरिकेत डॉक्टरांच्या संघटनेने १९६३ पासून कायरोप्रॅक्टिक संपवण्यासाठी खास समितीच नेमली होती. त्यावर कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये दावा लावला आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुसान गेट्झेनडॅनर यांनी संघटनेच्या बहिष्काराला बेकायदा ठरवलं. निकाल व्यवसायाच्या स्पर्धेबद्दल होता. मणक्याच्या सिद्धांतावर त्याने शिक्का मारला नाही, जाहिरातीत मात्र तसं भासवलं जातं.

सिद्धांत बाजूला ठेवून नुसत्या हाताच्या कामाची परीक्षा नंतर झाली. स्पेनमध्ये रॉय ला टूश आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये स्नायूंच्या जबडेदुखीच्या एकोणीस रुग्णांवर पाच आठवड्यांत दहा बैठका घेतल्या. जबड्याला हात न लावता फक्त मानेवर हाताने उपचार आणि व्यायाम दिले, तरी जबड्याच्या वेदना कमी झाल्या. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून यावर फार भार टाकू नये. जास्त वजन २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक सूचनांना आहे. दीर्घकाळच्या दुखण्यासाठी जबड्याची देखरेखीखालची हालचाल, दुखऱ्या गाठींवर हाताने दाब, शरीराची ठेवण सुधारणारे व्यायाम आणि विचार-सवयी बदलायला शिकवणारे संज्ञानात्मक वर्तन उपचार यांची त्यांनी ठाम शिफारस केली. कट्‌कन बसवण्याच्या प्रकाराला, म्हणजे मॅनिप्युलेशनला, सशर्त होकार दिला. रात्री दातांवर चढवायच्या, काढता येणाऱ्या नाइट गार्डला उलट सशर्त नकार मिळाला, आणि ते अनेक दंतवैद्यांना झोंबलं.

मान कट्‌कन बसवण्यात धोकाही आहे. मानेत मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मणक्यांतून वर चढतात. जोरात, झटक्याने मान फिरवली तर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर जाऊन पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं. आपल्याकडे दाढी-कटिंगनंतर मालिश करता करता सलूनवाला दोन्ही बाजूंना मान मोडून देतो, ती याच जातीची गोष्ट, आणि तिला तर कसलंच प्रशिक्षण नाही. पूर्वी कधी न झालेलं एका बाजूचं तीव्र मान दुखणं, चक्कर, बोलताना जीभ अडखळणं असं काही असेल तर मान कुणालाच फिरवू देऊ नये, थेट इस्पितळ गाठावं.

भारतात दंतवैद्यकाला १९४८ चा कायदा आहे, फिजिओथेरपी २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिक कायद्याखाली आली. कायरोप्रॅक्टिकसाठी अशी स्वतंत्र परिषद नाही, त्यामुळे अमेरिकेतून चार वर्षांची पदवी घेऊन आलेला आणि वीकेंड वर्कशॉप करून आलेला असे दोघे एकच पाटी लावू शकतात. टेबलावर आडवं होण्याआधी पदवी कुठली, हे विचारायला लाजू नये. आणि पहिल्याच भेटीत, तोंड किती उघडतं तेही न मोजता, कुणी मान झटकायला निघालं, तर चप्पल घालून बाहेर पडावं.