वारा उलटा फिरला की शिडाची होडी अडकते?

फॉरवर्ड बघितलाच असेल, "शिडाची होडी वारा नेईल तिकडेच जाते, धरणाच्या तळ्यात शिकायला जाऊ नका, परत येता येणार नाही". आपल्या कोकणात हे पटतंही पटकन, कारण जुनेजाणते पहाटे मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर बाहेर जायचे आणि दुपारी खाऱ्या (समुद्राकडून येणाऱ्या) वाऱ्यावर परत यायचे.

पण ती सोय होती, मर्यादा नाही. तिरकं धरलेलं शीड पंखासारखं काम करतं, आणि होडीखालची उभी फळी तिला आडवं सरकू देत नाही, म्हणून जोर पुढेच लागतो. अगदी वाऱ्याच्या तोंडावर नाही जाता येत हं, शीड नुसतं फडफडतं, पण साधारण 45 अंश तिरकं जाता येतं, मग एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं नागमोडी करत वारा येतो त्या दिशेला सरकायचं.

घरी बघा. थर्माकोलच्या तुकड्यावर कागदाचं तिरकं शीड लावा, टबात सोडा, बाजूने फुंकर मारा, आडवं घसरेल. आता खाली जुनी फूटपट्टी तुकड्याच्या लांबीला धरून उभी खोचून परत फुंका, आडवं घसरणं कमी होऊन तो पुढे जाईल. पवना धरणाच्या तळ्यावर शिकायला गेलात तर आधी आडव्या वाऱ्यावर जाऊन-येऊन बघा, तोच वारा दोन्हीकडे चालतो. लाइफ जॅकेट मात्र घालाच.