दोघांत एक प्लेअर

डोंबिवली ते दादर, धीमी लोकल, नशिबानं खिडकीची जागा. बाबा आणि मी एकाच म्युझिक प्लेअरवर नाट्यपदं ऐकायला बसलो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला दोन तोंडांचा स्प्लिटर. एका तोंडात माझे इअरफोन, दुसऱ्यात बाबांचे जुने, कान झाकणारे हेडफोन. माझ्या कानात आवाज खणखणीत, आणि बाबा हातानं खुणावत होते, "लावलंस का?" मी स्प्लिटर उपटला आणि बाबांची पिन थेट प्लेअरमध्ये खोचली. आवाज तेवढाच बारीक. म्हणजे बिचाऱ्या स्प्लिटरचा गुन्हा नव्हताच.

स्प्लिटर लावला की आवाज दोघांत अर्धा-अर्धा वाटला जातो, असं पुष्कळांना वाटतं. साध्या स्प्लिटरमध्ये वाटणी करणारं काहीच नसतं. डाव्या कानाची तार, उजव्या कानाची तार आणि परतीची तार, या तिन्हींना फाटे फोडलेले असतात, बस्स. ही समांतर जोडणी. दोघांनाही व्होल्टेज सारखंच मिळतं, प्लेअरला विद्युतप्रवाह मात्र जास्त पुरवावा लागतो.

आपल्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी आठवा. खाली येणारा पाइप जाड असेल, तर शेजाऱ्यांनी नळ सोडला तरी आपली धार तशीच राहते. पाइप बारीक असेल, तर ती लगेच पडते. प्लेअरच्या आतला रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, हा तो पाइप; रोध जितका जास्त तितका पाइप बारीक, आणि तो मोजतात ओहममध्ये. तो 1 ओहम असेल आणि 32 ओहमच्या एका हेडफोनशेजारी तसाच दुसरा जोडला, तर आवाज पाव डेसिबलच्या आसपास उतरतो; कानाला पत्ताही लागत नाही. आतला रोधच 32 ओहम असेल, तर हेडफोनला मिळणारं व्होल्टेज निम्म्यावरून एक तृतीयांशावर येतं. आवाज साडेतीन डेसिबलनं खाली, आणि हे मात्र जाणवतं.

बाबांची अडचण वेगळी होती. त्यांच्या हेडफोनवर 250 ओहम छापलेलं आहे, माझे इअरफोन 16 ओहमचे. सारख्याच व्होल्टेजवर माझ्याकडे त्यांच्या पंधरापट शक्ती येत होती. त्यांना हवा होता दाब, वरच्या मजल्यावर पाणी चढवणाऱ्या पंपासारखा. तो देतो खिशात मावणारा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर. बॅटरीवर चालणारी ही डबी व्होल्टेज वाढवते, आणि दोन पिनांसाठी दोन वेगळे आवाजाचे खटके असलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं. 1979च्या पहिल्या वॉकमनलाही हेडफोनसाठी दोन भोकं होती. सोबतीनं ऐकण्याची हौस तेव्हापासूनची.

अशा डब्यांवर बहुधा 'बास' वाढवायचं बटण असतं. त्यामागे खरं विज्ञान आहे. आवाज हळू असताना आपला कान खर्जाला जास्त बहिरा असतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933मध्ये मोजून दाखवलं. शिवाय गाडीची घरघर नेमकी खर्जातच असते आणि तबल्याचा डग्गा गिळते. पण बटण दाबून वर आवाजही चढवला, तर डबीची व्होल्टेज देण्याची मर्यादा संपते, लहरींचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. मूळ फाइलमध्ये जे नाही ते कुठलीच डबी घालू शकत नाही, हेही दुकानात उभं असताना ध्यानात ठेवावं.

मला खरी काळजी कानांची वाटते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास अशी मर्यादा सांगते. दर 3 डेसिबलला ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा; 90 डेसिबलला उरतात जेमतेम 4 तास. लोकलच्या खडखडाटावर मात करायला आवाज चढवत नेला, तर रोजच्या जाण्यायेण्यात हा हिशेब पार कोलमडतो. कानात घट्ट बसणारी रबरी टोपी असलेले इअरफोन बाहेरचा गोंगाटच अडवतात, मग आवाज कमी ठेवूनही भागतं.

आता डबी आमच्या दोघांच्या मध्ये असते. बाबांचा खटका निम्म्याच्या पुढे, माझा अगदी तळाशी. ठाणं गेलं की बाबा मांडीवर ठेका धरतात, आणि तो माझ्या कानातल्या तबल्याशी जुळतो.