फिल्टर तुंबला की मोटर हलकी होते

व्हॅक्यूम क्लीनर चालू असताना नळीचं तोंड तळहातानं बंद करून बघा. आवाज लगेच चढतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्या मोटरवर ताण आला. प्रत्यक्षात तिचा भार उतरलेला असतो. पंख्याचं काम हवा ढकलण्याचं. ढकलायला हवाच मिळाली नाही तर काम उरलं कुठे? म्हणून ती मोकाट सुटते, जोरात फिरते आणि वीज कमी घेते. (फार वेळ करू नका. तीच हवा मोटरला गार ठेवत असते.)

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी मंडळींच्या बेसमेंटमध्ये नेमकी हीच गोष्ट महिनोन् महिने चाललेली असते, फक्त तळहाताऐवजी धुळीनं भरलेला फिल्टर असतो. न्यू जर्सी असो की शिकागो, तिथल्या पुष्कळ घरांत हिवाळ्याची ऊब आणि उन्हाळ्याचा गारवा एकाच पत्र्याच्या डक्टमधून (हवेच्या नळातून) येतो आणि दोन्हीसाठी हवा ढकलणारी मोटर एकच असते. ऊब देते ती गॅसवर चालणारी भट्टी, म्हणजे फर्नेस. घराचं तापमान बघणाऱ्या थर्मोस्टॅटनं हाक दिली की आधी धूर बाहेर काढणारा छोटा पंखा सुरू होतो, मग गॅस पेटतो आणि अर्ध्याएक मिनिटानं मुख्य ब्लोअर, म्हणजे घरभर हवा ढकलणारा पंखा. आधी भट्टीचा पत्रा तापू द्यायचा, नाहीतर अंगावर गार वारा येईल. बंद होतानाही ब्लोअर मागून बंद होतो, उरलेली उष्णता घरात आणून.

मुळात या भट्ट्यांना मोटर नव्हतीच. आयोवातल्या मार्शलटाउनमध्ये डेव्ह लेनॉक्स यांनी १८९५ मध्ये पोलादी पत्र्याच्या भट्ट्या बनवायला घेतल्या, त्या काळी गरम हवा आपणहून वर चढायची आणि गार हवा खाली यायची. या नैसर्गिक ओढीचा दाब इतका क्षीण की डक्ट चांगले जाडजूड लागत. तळघरभर पसरलेल्या त्या नळांमुळे लोक भट्टीला ‘ऑक्टोपस’ म्हणत. मध्ये फिल्टर घालायची सोय नव्हती, कारण हवेचा प्रवाहच थांबला असता. १९३० च्या दशकात विजेचे ब्लोअर रुळू लागले आणि डक्ट सडपातळ झाले, फिल्टर आले. पुढे त्याच डक्टला एसी जोडता आला तोही ब्लोअरमुळेच. गार हवा तळघरातून वरच्या मजल्यावर आपल्या पायानं कशाला चढेल?

ब्लोअरला किती हवा हलवावी लागते? एका टनाच्या एसीला मिनिटाला साधारण ४०० घनफूट, असा तिथल्या मेकॅनिकांचा ठोकताळा. ३ टनांचं युनिट असेल तर १,२०० घनफूट, म्हणजे १० बाय १५ फुटांची, ८ फूट उंचीची अख्खी खोली दर मिनिटाला रिकामी करून भरायची. तीही डक्टची वळणं, एसीच्या गार कॉइलच्या पात्या आणि फिल्टर यांतून वाट काढत. डक्टचा हा विरोध पाण्याच्या दाबाच्या अर्ध्या इंचात, म्हणजे १२५ पास्कलमध्ये बसावा अशी अपेक्षा असते. पुष्कळ घरांत तो त्याहून बराच जास्त भरतो.

इथे जुन्या आणि नव्या मोटरचे स्वभाव वेगळे होतात.

जुनी मोटर कॅपॅसिटरवाली. घराला एकाच फेजची वीज मिळते. तेवढ्यावर मोटरला फिरायची दिशा सापडत नाही, म्हणून दुसऱ्या वाइंडिंगला कॅपॅसिटर जोडून चुंबकीय क्षेत्र फिरतं करतात. अमेरिकेच्या ६० हर्ट्झला सहा पोलांच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरचं क्षेत्र मिनिटाला १,२०० फेरे घेतं आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, त्याच्या मागे ११०० च्या आसपास धावतो. फिल्टर तुंबला की हवा कमी, भार कमी, फेरे थोडे वाढतात आणि वीज घटते. मोटर निमूटपणे हार मानते म्हणा ना. परिणाम दुसरीकडे दिसतो. हिवाळ्यात भट्टीच्या पत्र्याची उष्णता नेणारी हवा पुरत नाही, तो भलताच तापतो आणि लिमिट स्विच गॅस तोडतो. उन्हाळ्यात कॉइलवर बर्फ धरतो. घरमालक म्हणतो ‘एसीतला गॅस कमी झाला असेल’, आणि दोष सापडतो फिल्टरच्या स्वस्तातल्या पुठ्ठ्याच्या चौकटीत.

नवी मोटर ईसीएम (इलेक्ट्रॉनिकली कम्युटेटेड मोटर). आपल्याकडे पंख्यांमुळे घरोघरी पोचलेली बीएलडीसी, तिचीच बहीण. रोटरवर कायमचे चुंबक, आणि वाइंडिंगला कधी किती वीज द्यायची हे इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं. घरगुती ब्लोअरसाठी जनरल इलेक्ट्रिकनं ती १९८० च्या दशकात आणली. तिची मला सगळ्यात आवडणारी करामत अशी की डक्टमध्ये हवा मोजणारं कुठलंही यंत्र नसताना ती किती हवा जातेय ते ओळखते. आपण किती करंट घेतोय यावरून तिला आपला जोर कळतो, फेरे तर ठाऊकच असतात. अमुक ब्लोअरमध्ये अमुक जोर आणि अमुक फेरे असतील तर हवा किती जाते, हे कारखान्यात मोजून तिच्या चिपमध्ये आधीच भरलेलं असतं. हवा कमी पडली की ती स्वतःच वेग वाढवते. (सगळ्या ईसीएम असं करत नाहीत. काही स्वस्त प्रकार फक्त जोर कायम राखतात, त्यांची हवा थोडी घटतेच.)

म्हणजे तुंबलेल्या फिल्टरसमोर जुनी मोटर वीज कमी घेते आणि नवी जास्त. ‘कमी विजेची मोटर’ म्हणून विकत घेतलेली वस्तू घाणेरड्या फिल्टरवर आणि अरुंद डक्टवर आपला फायदा उधळून टाकू शकते. विक्रेते हे वाक्य सहसा बोलत नाहीत.

तिचा खरा फायदा मंद गतीला आहे. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत बदलते, म्हणून वेग निम्मा केला की काम आठव्या हिश्शावर येतं. जुन्या मोटरला ही सूट नीट घेता येत नाही, मंद गतीला तिची कार्यक्षमताच ढासळते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं २०१४ मध्ये फर्नेसच्या पंख्यांसाठी नियम केला, तो ३ जुलै २०१९ पासून लागू झाला, आणि नव्या गॅस फर्नेसमधून कॅपॅसिटरवाली मोटर जवळजवळ हद्दपार झाली.

एक गंमत राहिली. ब्लोअरनं घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच हवेत मिसळते. ५०० वॅटची मोटर उन्हाळ्यात एसीवर तासाला सुमारे १,७०० बीटीयू (उष्णतेचं अमेरिकी माप) एवढा बोजा टाकते, ३ टनांतला जवळपास सातवा हिस्सा टन तिलाच गार करण्यात जातो. हिवाळ्यात हीच उष्णता घराच्या कामी येते. म्हणून काटकसरी मोटर उन्हाळ्यात दुहेरी वाचवते आणि हिवाळ्यात गॅस किंचित जास्त जाळायला लावते.

पुण्या-नागपुरातल्या भिंतीवरच्या स्प्लिट एसीला डक्टच नाही, म्हणून त्याच्या लांबट रोलरसारख्या ब्लोअरला वीस-चाळीस वॅट पुरतात. पण तिथे धूळ थेट रोलरच्या बारीक पात्यांवर बसते. जाळी धुतली तरी झोत मवाळच, असं होतं ते त्यामुळे. शिवाय ‘इन्व्हर्टर एसी’ म्हटलं की आतली ब्लोअर मोटरही इलेक्ट्रॉनिक असेल असं नाही. तो शब्द कॉम्प्रेसरसाठी असतो.

जुन्या मोटरचा एक गुण मान्य करायला हवा. नुसती गुणगुणतेय पण फिरत नाही, तर बहुधा कॅपॅसिटर गेलेला असतो, आणि तो बदलणं स्वस्तातलं काम. (वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज उरतो, बोट लावू नये.) ईसीएमचं सर्किट विजेच्या उसळीनं जळलं तर खर्च कितीतरी पटीनं जास्त.

फिल्टर घेताना बारीक धूळ अडवणारा हवा म्हणून लोक एक इंच जाडीचा, मर्व्ह १३ दर्जाचा (फिल्टर किती बारीक धूळ अडवतो याची ही श्रेणी) आणतात. त्याच दर्जाचा चार इंची फिल्टर हवेला बराच कमी अडवतो, कारण घड्या खोल असल्यानं कापडाचं क्षेत्रफळ कितीतरी वाढतं. त्यासाठी डक्टमध्ये रुंद खोबण लागते. नवी फर्नेस बसवताना पत्र्याचं काम निघतंच, तेव्हाच ती करून घेतलेली बरी.