सेबीच्या दंडाचे पैसे कुणाला मिळतात?

‘सेबीने दंड ठोकला, म्हणजे आता आपले बुडालेले पैसे परत मिळणार’ हा समज शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीबद्दल वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. सेबी कायद्याच्या कलम १५जेएनुसार दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जाते.

गुंतवणूकदाराने पाहायचा तो आदेश वेगळा असतो: गैरमार्गाने कमावलेला नफा काढून घेण्याचा. २०१४च्या दुरुस्तीने हा अधिकार कायद्यात स्पष्ट लिहिला गेला. ही वसुली गुंतवणूकदार संरक्षण व शिक्षण निधीत जमा होते आणि नुकसान झालेले पात्र गुंतवणूकदार ओळखता आले, तर त्यांना भरपाई मिळू शकते. मात्र वसुली मुळात व्हायला हवी, आणि पैसा अनेकदा आधीच पांगलेला असतो. म्हणूनच खाती वेळीच गोठवणारा अंतरिम आदेश मला मोठ्या दंडापेक्षा मोलाचा वाटतो.