इंटरनेट आणि पारंपरिक अधिकार (सोलापूर जिल्हा)

इंटरनेट आणि पारंपरिक अधिकार : जन्माने, वतनाने, धर्मपरंपरेने किंवा निव्वळ वहिवाटीने ज्यांच्या हाती माहितीच्या, नोंदीच्या आणि प्रवेशाच्या किल्ल्या राहिल्या, त्यांच्या अधिकारात इंटरनेटमुळे झालेला बदल आणि त्यातून समता व स्वातंत्र्य यांवर झालेला परिणाम. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४–१९२०) याने अधिकाराचे जे तीन प्रकार मानले, त्यांपैकी पारंपरिक अधिकार ‘पूर्वापार असेच चालत आले आहे’ या समजुतीवर उभा असतो. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. सोलापूरच्या खेड्यापाड्यांत मात्र ते रोजच्या वापरात आले ते २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा नांदणाऱ्या या जिल्ह्यात जुने मध्यस्थ हटले कमी आणि त्यांच्या जागी नवे आले जास्त, असे दिसते.

पंढरपूरचे उदाहरण या बाबतीत सर्वांत परिचित आहे, आणि इंटरनेटनेच तिथली जुनी सत्ता मोडली, असे बरेचदा चुकीच्या रीतीने सांगितले जाते. विठ्ठलाच्या दारातील भेदाभेद मोडण्यासाठी साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केले. बडवे-उत्पात या मंदिरातील पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा कायदा १९७३ चा, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने अखेरचे शिक्कामोर्तब केले ते जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे या अधिकाराला उतार पडला तो सत्याग्रह, विधिमंडळ आणि न्यायालय यांच्यामुळे. इंटरनेट त्यानंतर आले. थेट प्रक्षेपणामुळे गाभारा फोनच्या पडद्यावर आला, आणि १ जुलै २०२० च्या आषाढीला, पालख्या एसटीने आल्या त्या वर्षी, असंख्य वारकऱ्यांनी दर्शन घेतले ते घरी बसूनच. तरीही पडद्यावर मिळते ते फार तर मुखदर्शन; पदस्पर्शासाठी आजही दर्शनबारीत उभे राहावेच लागते, आणि पंढरीचे खरे वैशिष्ट्य तर पायांवर डोके टेकवण्यातच आहे.

शेतीव्यवहारात झालेला बदल अधिक खोल आहे. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या सज्जावर खेटे घालणे हा एकेकाळी शेतकऱ्याच्या वर्षाचा ठरलेला भाग होता. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता पंधरा रुपये भरून कोठूनही काढता येतो. मात्र उतारा मिळणे वेगळे आणि नोंद होणे वेगळे : फेरफार आजही तलाठी धरतो आणि मंडल अधिकारी मंजूर करतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीने पीकपेऱ्याची नोंद शेतकऱ्याच्या हाती दिली. बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. चावडीत बसून होणाऱ्या पाहणीपेक्षा ही पद्धत निःसंशय न्याय्य आहे, पण ती स्मार्टफोन असणाऱ्यासाठी.

फेब्रुवारी २०२३ मधील एका घटनेत नव्या साधनाचे बळ आणि त्याची मर्यादा, हे दोन्ही धागे एकत्र दिसतात. बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा आणला. किलोला एक रुपया भाव मिळाला, आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, उरले २ रुपये ४९ पैसे. त्याला दोन रुपयांचा धनादेश देण्यात आला, तोही पुढच्या तारखेचा. अशा पट्ट्या आडतीत पूर्वीही निघत असत. शेतकरी त्या खिशात घालून मुकाट घरी जाई. या वेळी पट्टीचा आणि धनादेशाचा फोटो समाजमाध्यमांतून राज्यभर, मग देशभर फिरला, आणि बाजार समितीला संबंधित व्यापाऱ्याचा परवाना पंधरा दिवसांसाठी निलंबित करावा लागला. कांद्याचा भाव मात्र त्यामुळे पैशानेही वाढला नाही. पुढे राज्य शासनाने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिले, तेव्हा सातबाऱ्यावरील पीकनोंदीची अट आडवी आली. ज्यांनी ॲपवर कांदा नोंदवला नव्हता, त्यांचा माल बाजारात विकला जाऊनही कागदोपत्री पिकलाच नव्हता. अट शिथिल होईपर्यंत अनेकांनी पुन्हा तलाठ्याचेच दार गाठले.

शिक्षणाच्या बाबतीत जिल्ह्याचे नाव जगभर गेले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याचा प्रयोग केला, त्याचा स्वीकार पुढे राज्यपातळीवर झाला, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. गुरूचा पारंपरिक मान कमी न करता ज्ञानावरची मक्तेदारी सैल करणारा हा प्रयोग आहे. कोड उघडायला लागणारा फोन मात्र बहुधा वडिलांच्या खिशात असतो आणि ते रानातून परतेपर्यंत धडा थांबतो.

घरातील अधिकाराला इंटरनेटचा धक्का सर्वांत कमी लागला आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के होत्या, तर पुरुष ५७.१ टक्के. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे. विडी स्वतःची, मजुरी स्वतःची, भविष्यनिर्वाह निधीचे खातेही स्वतःचे; परंतु आधारला जोडलेला क्रमांक मुलाचा असेल, तर ओटीपी त्याच्या फोनवर येतो, आणि आईला स्वतःच्याच पैशांसाठी तो घरी यायची वाट पाहावी लागते.

स्वातंत्र्याची बाजू दुहेरी आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारून शहराचे तोंड बंद करायला इंग्रज सरकारला लष्कर आणावे लागले होते. इंटरनेटच्या काळात मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ खाली एका फेसबुक पोस्टवरूनही अटक होऊ शके. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना ती झाली, आणि हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरवले. व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनकडे गावात आता पाटलासारखे पाहिले जाते. त्याने काढले तो बाहेर. सदस्याच्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन म्हणून त्याला गुन्हेगार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

बोलण्याच्या या मोकळिकीची किंमत मंगळवेढा तालुक्याने मोजली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरील अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. त्यांतील बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे होते. दारोदार फिरून भिक्षा मागणे हा या भटक्या समाजाचा पिढीजात व्यवसाय, आणि अनोळखी माणसाला ओळख देणारी जुनी खूण म्हणजे त्यांचा वेश. त्या दिवशी फोनवरील मजकुरापुढे ती खूण कोणी मानली नाही. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली गेली. ती विधिमंडळाने, न्यायालयाने किंवा कोणत्या पंचायतीने घातली नव्हती; ती घातली कंपनीने.