भूसंपादनाच्या मोबदल्यातून कापलेला टीडीएस परत कसा मिळवावा

महामार्ग, रेल्वे, धरण किंवा औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन गेली, निवाडा झाला, रक्कम खात्यावर आली आणि पासबुक भरून घेतल्यावर निवाड्यातील आकड्यापेक्षा दहा टक्के रक्कम टीडीएस (देतानाच कापलेला प्राप्तिकर) म्हणून कमी जमा झाल्याचे दिसले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती रक्कम पूर्ण किंवा बरीचशी परत मिळू शकते. तरीही त्यांचे दावे अडकतात, कारण आलेले पैसे कशाचे, कोणाचे आणि कोणत्या वर्षाचे, हे सांगणारा कागद त्यांच्याजवळ नसतो. प्राप्तिकर विवरणपत्र (रिटर्न) भरणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. हा कागद मिळवण्यात मात्र महिने जातात, म्हणून पुढील माहितीत त्यावरच भर दिला आहे.

प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या (३१ मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या) कलम १९४एलए नुसार सक्तीने संपादित केलेल्या स्थावर मालमत्तेच्या मोबदल्यातून १० टक्के कपात होते. शेतजमिनीच्या मोबदल्याला हे कलम लागू नाही. वर्षातील मोबदला २,५०,००० रुपयांपेक्षा जास्त नसेल तरीही कपात होत नसे. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५,००,००० रुपये झाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे, मोबदल्याला प्राप्तिकरातून सूट देणारे कलम ९६ ज्या निवाड्याला लागू होते, त्यातून तर कपात करताच येत नाही, आणि ही सूट शेती व बिगरशेती असा भेद न करता दिलेली आहे, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रक क्रमांक ३६/२०१६ मध्ये मान्य केले आहे. इतके स्पष्ट असूनही कपात होते, कारण कपात केली नाही तर रक्कम वाटणाऱ्या कार्यालयाला जाब विचारला जातो, आणि नको तिथे केली तर कोणी विचारत नाही. त्याचा भुर्दंड खातेदाराला पडतो.

एक सावधगिरी इथेच सांगणे आवश्यक आहे. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ सारखे काही कायदे २०१३ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत (तो कायदा थेट लागू नसलेल्या कायद्यांच्या यादीत) आहेत आणि त्यांच्याखाली झालेल्या संपादनाला कलम ९६ लागू होते की नाही, यावरून वाद न्यायालयांपर्यंत गेलेले आहेत. म्हणून आपली जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली गेली, हे निवाड्याच्या पहिल्याच पानावर वाचून घ्यावे. जमीन ग्रामीण शेतजमीन असेल तर या वादात पडण्याची गरजच नाही, कारण ती कलम २(१४) नुसार भांडवली मालमत्ता धरली जात नाही आणि तिच्या मोबदल्यावर भांडवली नफ्याचा कर बसत नाही.

मात्र ‘ग्रामीण’ हे सिद्ध करावे लागते, आणि नेमका तोच दाखला कोणाजवळ नसतो. सातबारावर जमीन शेतीची असल्याचे दिसते, पण नगरपालिकेच्या हद्दीपासूनचे अंतर दिसत नाही. कायद्याला अंतर हवे असते, तेही रस्त्याने नव्हे तर हवाई रेषेने मोजलेले: गावाजवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या १० हजारांहून अधिक व १ लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटरच्या, १ लाखाहून अधिक व १० लाखांपर्यंत असेल तर ६ किलोमीटरच्या आणि १० लाखांहून अधिक असेल तर ८ किलोमीटरच्या पलीकडे जमीन असावी लागते. तहसील कार्यालयाकडे अर्ज करताना गट क्रमांक, नगरपालिकेचे नाव आणि ‘हवाई अंतर’ हे शब्द अर्जातच लिहावेत. नाहीतर एसटीच्या रस्त्याचे अंतर लिहिलेला दाखला हातात पडतो आणि त्याचा उपयोग होत नाही.

जमीन या अंतराच्या आत असली तरी आशा सोडू नये. कलम १०(३७) नुसार व्यक्तीची किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाची शेतजमीन सक्तीने संपादित झाली आणि हस्तांतरणाच्या आधीची २ वर्षे ती त्या व्यक्तीने, तिच्या आईवडिलांनी किंवा कुटुंबाने शेतीसाठी वापरलेली असेल, तर मोबदला करमुक्त असतो. पुरावा म्हणून गाव नमुना १२ मधील पीक पाहणीची नोंद लागते. संपादनाची अधिसूचना निघाली की अनेकजण पेरणी सोडतात, नोंद ‘पड’ अशी होते आणि पुढे हीच नोंद आडवी येते. ज्यांची जमीन अजून जायची आहे, त्यांनी ई-पीक पाहणी दर हंगामात न चुकता करावी.

व्याजाचा हिशेब वेगळा आहे आणि सर्वाधिक चुका तिथेच होतात. वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात गेलेल्या कुटुंबांना मिळणाऱ्या रकमेत व्याजाचा वाटा मोठा असतो. जुन्या १८९४ च्या कायद्याच्या कलम २८ खालील व्याज हा मोबदल्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घनश्याम प्रकरणात म्हटले होते. परंतु त्यानंतरच्या कायदादुरुस्तीमुळे प्राप्तिकर खाते मोबदल्यावरील व्याज ते मिळाले त्या वर्षाचे करपात्र उत्पन्न धरते. त्यातून कलम ५७(४) नुसार सरसकट ५० टक्के वजावट मिळते, पण कपात पूर्ण व्याजावर होते. समजा २०२४-२५ मध्ये ६,००,००० रुपये व्याज मिळाले आणि ६०,००० रुपये कापले गेले. करपात्र व्याज ३,००,००० रुपयेच ठरते, नव्या करप्रणालीत त्या वर्षी तेवढ्या उत्पन्नावर कर नव्हता, आणि दुसरे करपात्र उत्पन्न नसेल तर ६०,००० रुपये पूर्ण परत मिळतात. यासाठी मूळ मोबदला, दिलासा रक्कम (सोलेशियम, म्हणजे सक्तीच्या संपादनाबद्दल मिळणारी जादा रक्कम) आणि व्याज यांची फोड दाखवणारे गणनापत्रक हवे. निवाड्याची झेरॉक्स देताना हे शेवटचे पान बहुधा गाळले जाते, म्हणून प्रमाणित प्रत मागताना ‘गणनापत्रकासह’ असे लिहावे.

आता पैसे कोणाचे, हा प्रश्न. अलीकडे आलेल्या एका बाईंच्या कापडी पिशवीत सातबारा, फेरफार, पासबुक, निवाडा असे सगळे व्यवस्थित घड्या घालून ठेवलेले होते. निवाड्यात सामाईक खातेदारांची ७ नावे होती, वाटपही सातही जणांना झाले होते, पण कपात सगळी थोरल्या दिरांच्या पॅनवर दाखवली होती, कारण कार्यालयाने अर्जासोबत एकाच पॅनची झेरॉक्स घेतली होती. त्या बाईंच्या फॉर्म २६एएस मध्ये (पॅनवर जमा झालेल्या करकपातीची नोंद दाखवणाऱ्या पत्रकात) एक रुपयाही दिसत नव्हता. अशा वेळी प्राप्तिकर नियमांतील नियम ३७बीए(२) उपयोगी पडतो: ज्याच्या पॅनवर कपात दिसते त्याने कार्यालयाला लेखी घोषणापत्र द्यायचे, त्यात प्रत्येक हिस्सेदाराचे नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि कारण लिहायचे, आणि कार्यालयाने कपातीचे तिमाही विवरणपत्र २६क्यू त्यानुसार दुरुस्त करायचे. कार्यालयाचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये. या दुरुस्तीला कायद्याने मुदत घातली आहे आणि नव्या प्राप्तिकर कायदा, २०२५ मध्ये ती आणखी कमी झाली आहे, त्यामुळे ‘साहेब रजेवर आहेत’ या उत्तरावर सहा महिने थांबणे परवडणारे नाही. सातबारावर अजून ‘एकुमॅ’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी नोंद असेल, तर रक्कम उचलण्याआधी सर्वांची नावे लावून घ्यावीत.

खातेदार वारला असेल तर वारसाने प्राप्तिकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून आधी नोंदणी करावी आणि मृताच्या पॅनवर विवरणपत्र भरावे. वारस फेरफार पुरेसा आहे, असे समजून अनेकजण फसतात. पोर्टलवर मृत्यूचा दाखला, मृताचे पॅन आणि वारस प्रमाणपत्र किंवा हयात कुटुंबीयांचा दाखला यांसारखा कागद मागितला जातो. पॅन आधारशी जोडलेले नसेल तर ते निष्क्रिय राहते, परतावा थांबतो आणि पुढची कपात २० टक्के दराने होऊ शकते. माहेरचे नाव पॅनवर आणि सासरचे आधारवर असलेल्या महिलांनी ही दुरुस्ती सर्वांत आधी करावी.

मुदतीबाबतचा गोंधळ दरवर्षी पाहायला मिळतो. वर्ष रक्कम मिळाल्याचे धरायचे, निवाड्याचे नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पैसे मिळाले असतील तर आर्थिक वर्ष २०२३-२४, कर निर्धारण वर्ष २०२४-२५, विवरणपत्राची मुदत ३१ जुलै २०२४ आणि विलंबाने भरण्याची ३१ डिसेंबर २०२४ (रहिवासी व्यक्तींसाठी ती १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवली होती). त्यानंतर भरता येणाऱ्या अद्ययावत विवरणपत्रात परतावा मागता येत नाही, हे न सांगता ते भरून देणारे लोक आहेत. मुदत गेल्यावर कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज हाच मार्ग उरतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक ११/२०२४ नुसार तो कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत करावा लागतो, म्हणजे वरील उदाहरणात ३१ मार्च २०३० पर्यंत. अर्जात आजारपण, न्यायालयीन वाद, २६एएस मधील चूक असे खरे कारण पुराव्यासह द्यावे. ‘माहिती नव्हती’ एवढ्यावर अर्ज फेटाळले जातात. विलंबाने मंजूर झालेल्या अशा परताव्यावर व्याज मिळत नाही.

विवरणपत्र भरताना आयटीआर-२ वापरावे. शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल किंवा व्याजाची ५० टक्के वजावट घ्यायची असेल, तर आयटीआर-१ चालत नाही. करमुक्त मोबदला करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात पूर्ण दाखवावा. तो कुठेच न दाखवता नुसती कपात परत मागितली, तर कलम १३९(९) ची सदोष विवरणपत्राची नोटीस येते, आणि तिला १५ दिवसांत उत्तर न दिल्यास विवरणपत्र अवैध ठरू शकते. बँक खाते पोर्टलवर आधी प्रमाणित करावे आणि विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करावी. परतावा थेट खात्यावर जमा होतो. त्यासाठी टक्केवारी मागणाऱ्याला पोर्टलचा पासवर्ड किंवा ओटीपी देऊ नये.

ज्यांना रक्कम अजून मिळायची आहे, त्यांनी परिपत्रक ३६/२०१६ ची प्रत जोडून कपात न करण्याची लेखी विनंती आधीच द्यावी, किंवा कमी कपातीचा दाखला (जुन्या कायद्यात तो कलम १९७ खाली मिळत असे) घ्यावा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू असल्याने त्यानंतरच्या रकमांसाठी कलमांचे क्रमांक बदलले आहेत; त्याआधीच्या वर्षांच्या कपातीसाठी अर्जात जुनीच कलमे लिहावीत.