डबल्ड डाय नाणी आणि मशीन डबलिंग

डबल्ड डाय नाणे म्हणजे ज्याच्यावरचा मजकूर, आकडे किंवा चित्र मुळात साच्यातच (डायमध्येच) दुहेरी उतरलेले असल्यामुळे दुहेरी उमटते, असे नाणे. मशीन डबलिंगमध्ये साचा निर्दोष असतो. नाणे छापले जाताना तो हलतो आणि दुहेरीपणाचा भास होतो. पहिला प्रकार संग्राहक आवडीने, प्रसंगी मोठी किंमत देऊन घेतात. दुसऱ्यामुळे नाण्याचे मोल सहसा वाढत नाही. नवख्या संग्राहकांना ‘डबल्ड डाय’ म्हणून जे सापडते, ते बहुतेक वेळा मशीन डबलिंगच निघते.

साचा तयार करण्यासाठी उठावाचे चित्र असलेला पोलादी ठसा, म्हणजे हब, मऊ केलेल्या पोलादाच्या कांडीवर प्रचंड जोराने दाबतात. जुन्या पद्धतीत एका दाबात चित्र पुरते उतरत नसे. दाबामुळे टणक झालेली कांडी भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायची आणि परत हबखाली ठेवायची, असे करावे लागे. या दुसऱ्या खेपेला कांडी जराशी फिरली, सरकली किंवा थोडा वेगळा हब वापरला गेला, की साच्यात दोन चित्रे कायमची कोरली जात. मग त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दुहेरीपणा त्याच जागी दिसतो. अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीतील १९५५ चा एक सेंट हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्यावरचे साल आणि अक्षरे नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. अशी सुमारे २० ते २४ हजार नाणी चलनात गेली, असे मानले जाते.

मशीन डबलिंगमध्ये नाणे आधी नीटच छापले जाते. साचा सैल असेल, तर तो मागे हटताना किंचित उसळतो आणि नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड घासून बाजूला ढकलतो. यात नवी प्रतिमा तयार होत नाही, असलेली प्रतिमा चेपली जाते. ओळखण्याची सगळी किल्ली इथेच आहे. चेपलेली कड पायरीसारखी सपाट, ठेंगणी आणि बहुधा चकचकीत दिसते व अक्षराची मूळ रुंदी घटते. खऱ्या डबल्ड डायमध्ये दुसरी प्रतिमा गोलाईदार आणि उठावाची असते, अक्षर जाडावते, टोकांच्या कोपऱ्यांत खाचा पडतात आणि दोन प्रतिमांमध्ये बारीक विभाजक रेषा दिसू शकते. पाच ते दहापट मोठे दाखवणारे भिंग त्यासाठी पुरते. मात्र नाणे प्रकाशात फिरवून पाहावे, कारण एकाच बाजूने आलेला उजेड सपाट पायरीलाही उठाव असल्याचा भास निर्माण करतो.

सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या १९६९ च्या सेंटवर ही परीक्षा कसाला लागते. त्या साली तिथल्या नाण्यांवर ठळक मशीन डबलिंग सर्रास आढळते, आणि खरा डबल्ड डाय मात्र अतिदुर्मीळ आहे. सुरुवातीला तर बनावट चलनाचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने अशी काही नाणी बनावट समजून जप्त केली होती. निवाडा होतो तो टांकसाळीच्या ‘एस’ या खुणेवरून. तेव्हा ही खूण हबच्या कामानंतर प्रत्येक साच्यावर हाताने ठोकली जाई. त्यामुळे खऱ्या डबल्ड डाय नाण्यावर साल आणि अक्षरे दुहेरी, पण ‘एस’ एकेरी असतो. सालासोबत तोही त्याच दिशेने सरकलेला दिसला, तर ते मशीन डबलिंग समजावे. १९९०–९१ पासून चलनी नाण्यांच्या बाबतीत ही खूण, ज्यापासून हब घडवतात त्या मूळ साच्यातच घेतली जाऊ लागल्याने पुढच्या नाण्यांना ही कसोटी लागू पडत नाही.

झिजलेल्या साच्यामुळेही अक्षरे पसरट व धूसर होऊन दुहेरी भासतात. १९५५ च्या अशाच सेंटला ‘गरिबाचा डबल्ड डाय’ म्हणतात. त्यात सालाचा शेवटचा ५ दुहेरी वाटतो, पण साचा दुहेरी नसतो.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एकाच दाबात साचा तयार करण्याची पद्धत आली, तरी डबल्ड डाय संपले नाहीत. कांडीचे तोंड किंचित शंकूसारखे असल्याने हब आधी मध्यभागी टेकतो. कांडी तिरकी बसली असेल तर दाब वाढताना ती सरळ होते आणि मध्यावरच दुसरी प्रतिमा उमटते. त्यामुळे अलीकडच्या नाण्यांत दुहेरीपणा बहुधा मध्यभागाजवळ आणि अगदी सूक्ष्म असतो. अशा वेळी एका नाण्यावरून ठरवणे अवघड जाते. त्याच साच्याचे दुसरे नाणे मिळाले तर दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत: साच्यातला दुहेरीपणा दोन्हींवर तंतोतंत जुळतो, मशीन डबलिंगची दिशा आणि जोर नाण्यागणिक बदलू शकतो.